पाचवर करायची की सहावर

मुकुंदराव पोतनिसांची डिस्क सोमवारी सकाळी टकटक करू लागली. त्यांना वाटलं, दार वाजतंय. त्यांनी दार उघडलं, कोणी नव्हतं. पुन्हा टकटक झाली, पुन्हा उघडलं, तर समोरच्या फ्लॅटचं कुत्रं उभं होतं, पण ते टकटक करणाऱ्यातलं नव्हतं. मग त्यांच्या लक्षात आलं की आवाज टेबलावरून येतोय, आणि संगणकाला जोडलेली ती काळी, वहीएवढी डिस्क शेवटचे श्वास मोजतेय.

पोतनीस म्हणजे सरकारी खजिना राखणारा. आपल्या पूर्वजांनी बडोदे सरकारचा खजिना राखला, असं मुकुंदराव सांगत. नक्की कुठल्या पूर्वजानं, असं कोणी विचारलं की ते आतल्या दिशेला वळून चहा सांगत. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून खजिना म्हणून त्यांच्या ताब्यात ही एक डिस्क उरली होती. तीत त्यांच्या मुलीचं, प्राचीचं, अख्खं बालपण होतं. मुकुंदरावांचं निरोपसमारंभातलं भाषण होतं, जे तीन भागांत होतं, कारण चित्रण करणारा मधे दोनदा जेवून आला. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे सासूबाईंचा आवाज होता.

सासूबाईंनी एका श्रावणात निनाव्याची कृती सांगितली होती आणि मुकुंदरावांनी मसाल्याच्या डब्याला मोबाइल टेकवून ती टिपली होती. निनावं हा कायस्थांच्या घरातला गोड पदार्थ. ज्यानं पहिल्यांदा केला त्याला नाव सुचलं नाही, आणि खाणाऱ्यांना नाव ठेवायला जागा सापडली नाही. ती उणीव सासूबाईंनी भरून काढली. कृती सांगता सांगता त्यांनी चारही मुलींना आणि एका जावयाला नावं ठेवली. नंतर मुकुंदरावांनी रेकॉर्डिंगच्या प्रती चौघी बहिणींना दिल्या. आता सासूबाई नव्हत्या, आणि चौघींच्याही प्रतींचं एकच झालं होतं. "मोबाइल बदलताना थोडं उडालं गं," असं प्रत्येकीनं प्रत्येकीला सांगितलं होतं. कोणीच कोणाला "किती उडालं" असं विचारलं नव्हतं.

पूर्ण रेकॉर्डिंग उरलं होतं ते फक्त मुकुंदरावांच्या डिस्कवर. प्रती वाटून झाल्यावर त्यांनी ते संगणकावर घालून त्यातली खरखर काढली होती. खरखर काढताना ते अर्ध्या मिनिटानं लहान झालं, पण तांत्रिक कामात असं होतं.

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या, "रविवारी तिघी बहिणी येतायत. आईला वर्ष होतंय. सगळ्यांनी बसून तिचा आवाज ऐकायचा आणि ती सांगते तसं निनावं करायचं, असं ठरलंय. प्राचीच्या बारशाची कॅसेट तुम्ही जपून ठेवलीत, ती अजून जपूनच आहे, कुठे ते कळत नाही. हे तसं व्हायला नको."

"सुनंदा, मी पोतनीस आहे."

"म्हणूनच सांगतेय."

मुकुंदरावांनी बेंगळुरूला पुतण्याला फोन लावला. ध्रुव संगणकातला माणूस. म्हणजे घरातल्या कोणाचाही मिक्सर बिघडला तरी त्यालाच फोन जाई.

"काका, एका डिस्कवर भरवसा ठेवूच नका. चार डिस्कांचा डबा मिळतो, तो घ्या. त्याला नास म्हणतात."

"काय म्हणतात?"

"नास."

"काय नासलं?" स्वयंपाकघरातून सुनंदाबाईंनी विचारलं.

"नासलं नाही. विकत घ्यायचंय."

"विकत कशाला? कालचं दूध आहे ना."

तो डबा आहे, हे पटवून देण्यात थोडा वेळ गेला. पटल्यावर सुनंदाबाईंनी जाहीर केलं, की ज्या वस्तूचं नावच नास आहे ती पूजा केल्याशिवाय या घरात सुरू होणार नाही. मुकुंदरावांनी मान डोलावली. पुढच्या सगळ्या अनर्थाला तिथं सुरुवात झाली, पण मान डोलावताना माणसाला हे कळत नाही.

ध्रुव पुढे सांगत होता. चार डिस्कांनी आपसांत माल कसा वाटून ठेवायचा, त्या व्यवस्थेला रेड म्हणतात आणि तिला नंबर असतात. रेड झीरोत माल चौघांत वाटलेला, काम झटपट, पण एक गेला की सगळं गेलं.

"म्हणजे आमच्या मंडळाची कार्यकारिणी."

"रेड वनमध्ये एकाकडे जे असतं तेच दुसऱ्याकडे."

"तुझे जुळे मामा."

"हां. आणि रेड पाच म्हणजे, माल वाटलेला असतो, पण अशा बेतानं की कुठलाही एक गेला तरी उरलेल्या तिघांकडून त्याचं काय होतं ते परत उभं करता येतं. सहात दोन गेले तरी चालतं, पण जागा कमी मिळते. दहा सगळ्यात चांगली, पण खर्चिक."

"गेलेल्याकडे काय होतं ते उरलेल्यांना कसं कळणार?"

"गणित आहे, काका."

मुकुंदराव इंजिनियर होते, त्यामुळे न कळलेल्या गणिताला हो म्हणायची त्यांना सवय होती. "आणि तीन, चार?"

"तीन तर आता कोणी वापरतच नाही. आणि काका, एक महत्त्वाचं. रेड म्हणजे बॅकअप नाही. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. वेगळ्या घरी. ऐकताय ना?"

"बरं बरं," मुकुंदराव म्हणाले. ऐकत नसलेला माणूस हे दोनदा म्हणतो. पाच की सहा, या प्रश्नाची गोडी त्यांना लागली होती. निवृत्तीनंतर इतका भारदस्त पर्याय त्यांच्यापुढे कोणी ठेवला नव्हता. घरात त्यांना फक्त तूर की मूग एवढंच विचारत.

आता इथे मुकुंदरावांच्या जावयाविषयी सांगायला हवं. सोहम पुरातत्त्व खात्यात होता. पण लग्न ठरलं तेव्हा सोसायटीत कोणी विचारलं की मुकुंदराव आवाज खाली आणून म्हणत, "केंद्र सरकार. जमिनीखाली दडवलेलं बाहेर काढतात." त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बडोद्यातल्या गोत्रीच्या त्या दहा मजली सोसायटीनं आपापल्या सदसद्‌विवेकबुद्धीनुसार त्याचा अर्थ घेतला, आणि तेव्हापासून मुकुंदरावांना दिवाळीला मिठाईचे खोके जरा जड येऊ लागले.

त्याच संध्याकाळी मुकुंदराव लिफ्टमध्ये ध्रुवशी बोलत होते. लिफ्टमध्ये आवाज तुटतो, म्हणून ते मोठ्यानं बोलत होते.

"रेड नक्की! ह्याच आठवड्यात! फक्त पाचवर करायची की सहावर, एवढंच ठरायचंय. तीनवर? छे, तीनवर आता कोणी करत नाही."

आणि ते तिसऱ्या मजल्यावर उतरून आपल्या घरी गेले.

लिफ्टमध्ये पीयूषभाई होते. त्यांचं जवळच्या पादरा गावी बियाण्यांचं दुकान आणि इथं सहाव्या मजल्यावर घर. बडोद्याच्या गुजराती माणसाला मराठी कळतं, आणि रेड म्हणजे छापा हे तर सगळ्या भाषांत कळतं. पीयूषभाई सहाव्यावर उतरले ते भिंत धरून.

दुसऱ्या दिवशी ते मुकुंदरावांकडे आले. हातात आंब्यांची पेटी. मोसम नव्हता, तरी आंबे होते.

"मुकुंदभाई, सांभळ्युं के तुमचं पाच आणि सहाचं चाललंय."

मुकुंदरावांना आनंद झाला. "तुम्हाला यातलं कळतं?"

"धंदावाळा माणूस. कळावंच लागतं ने." पीयूषभाईंनी घाम पुसला. "माझं ऐका, पाच ज करा. सहामध्ये काय नथी. सहामध्ये बिचारा धार्मिक माणूस राहतो."

हे शेवटचं वाक्य मुकुंदरावांना नीट लागलं नाही, पण तांत्रिक चर्चेत उपमा येतात. "पाच बरंच आहे," ते म्हणाले, "एक गेला तरी बाकीचे टिकतात. सहाचा फायदा असा, की दोन गेले तरी चालतं."

"दोन?" पीयूषभाई उठून उभे राहिले. सहाव्यावर ते आणि त्यांचा भाऊ राहत होते.

ते गेले आणि तासाभरात पाचव्या मजल्यावरचे धनाजीराव आले. धनाजीराव जमिनींचे व्यवहार करत. आजवर जिन्यात भेटले तर ते घड्याळ बघून पुढे जात. आज त्यांनी मुकुंदरावांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"पोतनीस, आपण मराठी माणसं. आपणच आपल्या माणसाला बघायचं. सहा करा. सहाच चांगलं. ऐसपैस आहे."

"उलट, सहात जागा कमी सापडते, धनाजीराव. पाचात जास्त."

धनाजीरावांचा चेहरा उतरला. "किती... जागा सापडल्यात पाचात?"

"तीन चतुर्थांश."

धनाजीराव पाणी प्यायले आणि गेले. मुकुंदराव भारावून गेले. इतकी वर्षं आपण ह्या लोकांना नुसते लिफ्टमधले शेजारी समजलो! साठवणशास्त्राची इतकी जाण, इतकी पोटतिडीक! दहाव्या मजल्यावरचे प्रतापसिंह, सोसायटीचे चेअरमन, त्यांनी तर फाटकाशी गाठून विचारलं, "दहा? दहानुं काय?"

"दहा सगळ्यात उत्तम," मुकुंदराव मोकळेपणानं म्हणाले, "पण आमची ऐपत नाही."

प्रतापसिंहांनी मुकुंदरावांना मिठी मारली. त्या मिठीचा अर्थ मुकुंदरावांना लागला नाही, पण ती मनापासूनची होती.

त्या दोन दिवसांत सोसायटीतून इतकं सामान बाहेर गेलं, की लग्नसराई असावी असं वाटावं. पाचव्यावरून एक तिजोरी खाली आली. तिला नऊवारी गुंडाळली होती, म्हणजे लांबून आजी वाटावी. सहाव्यावरून बियाण्यांची पोती गेली. पोत्यांत बियाणंच होतं, पण पीयूषभाई घाबरले की सगळंच हलवत. ही पळापळ पाहून प्रतापसिंहांनी फाटकावर हुकूम काढला, की पुढची सूचना येईपर्यंत एकही बंद खोकं आत येणार नाही की बाहेर जाणार नाही.

त्यामुळे मुकुंदरावांचा नास फाटकावर अडकला.

वॉचमन म्हणाला, चेअरमनची सही आणा. चेअरमन म्हणाले, सही देतो पण खोक्यात काय आहे ते लिहून द्या. मुकुंदरावांनी तोंडी सांगितलं, "रेडचं सामान." चेअरमन म्हणाले, मग माझी सही कशाला, तुम्हाला कोण अडवणार. वॉचमन म्हणाला, सही नाही तर खोकं नाही. रिफायनरीत ज्या माणसाच्या एका सहीशिवाय व्हॉल्व्ह हलत नव्हता, तो माणूस स्वतःच्या खोक्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. येणारेजाणारे त्याला नमस्कार करत होते, आणि तो मान वळवून घेत होता. शेवटी त्यानं खोकं फाटकावरच फोडलं, आणि डबा आणि चार डिस्का पिशवीत घालून भाजीसारख्या वर नेल्या. बंद खोक्याला बंदी होती. पिशवीविषयी हुकुमात काही नव्हतं.

आणि घरी ती टकटक आता अधूनमधून थांबत होती. टकटक चालू असताना मुकुंदरावांना धडधडे, आणि थांबली की त्याहून जास्त.

शुक्रवारी सकाळी पूजा ठरली. जेवणाच्या टेबलावर डबा मांडला. चारही डिस्का आत, वायर लावलेली, हिरवे दिवे लुकलुकतायत. सुनंदाबाईंनी त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, समोर पाटावर ती जुनी डिस्क ठेवली आणि तिला एक झेंडू वाहिला. नारळ आणायला त्या आत गेल्या. जाताना जशीबेनला म्हणाल्या, "तांब्यातलं पाणी घेऊन जा. साहेब सांगतील तसं कर."

जशीबेन कामाला येई त्याला बरीच वर्षं झाली होती. तिचं मराठी आणि पोतनिसांचं गुजराती यांची मधे कुठेतरी गाठ पडे. तिथे जे शब्द उरले त्यांवर घर चाले. ह्या घरात 'ओतणं' हे क्रियापद मागच्या पिढीतच वारलं होतं. जशीबेन रोज विचारायची, "बेन, छास क्यां रेडुं?" आणि सुनंदाबाई आतून सांगायच्या, "पातेल्यात रेड." गुजरातीत रेडवुं म्हणजे ओतणं. ह्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. प्राची शाळेत एकदा 'पाणी रेडले' असं लिहून आली होती आणि तिचा अर्धा मार्क गेला होता, तेवढाच काय तो त्रास.

मुकुंदराव खिडकीशी, टेबलाकडे पाठ करून उभे होते, कारण ध्रुवचा आवाज फक्त खिडकीत येई. डोळे मिटलेले. निर्णयाची घटका आली होती.

"काका, डबा मला इथून नेटवर दिसतोय. आता शेवटचं विचारतो. नंतर बदलता येणार नाही."

जशीबेन तांब्या घेऊन मागे येऊन उभी राहिली. "साहेब, पाणी क्यां रेडुं?"

"काका, चारही डिस्कांवर करायचं ना?"

"चारही डिस्कांवर!" मुकुंदराव खिडकीला म्हणाले. "एकही सोडू नकोस!"

जशीबेननं टेबलाकडे पाहिलं. तिला जरा नवल वाटलं. पण वर स्वस्तिक होतं, समोर झेंडू होता, आणि महादेवालाही पाणी आवडतं का, असं आपण विचारत नाही.

"आणि जुनी?" ध्रुव म्हणाला.

"जुनीपण घे. तिच्यासाठीच तर सगळं."

"मग काय ठरलं, काका?"

मुकुंदरावांनी छाती भरून श्वास घेतला. आठवडाभराचं चिंतन, दोन मजल्यांचा सल्ला, पूर्वजांचा खजिना, सगळं त्या श्वासात होतं.

"रेड! पाच!"

"पाच वार?" जशीबेननं पाचदाच ना, याची खात्री करून घेतली.

"पाच! पाच! किती वेळा सांगू? रेड पाच!"

तांब्या लहान होता, पण जशीबेनचा हात सढळ होता. तिनं पाचांत बेतानं वाटलं. पहिली धार स्वस्तिकावर. दुसरीला हिरवे दिवे लाल झाले. तिसरीला आत काहीतरी फुस्स झालं आणि घरातली वीज गेली. चौथी आणि पाचवी तिनं पाटावरच्या जुन्या डिस्कवर त्या गोंधळातही नेम न चुकता घातली आणि हात जोडले.

टकटक थांबली.

जगभरातले जाणकार सांगतात, रेड झीरो सगळ्यात धोक्याची. पण बडोद्यात, त्या सकाळी, त्या टेबलावर, ती एकच सुरक्षित होती.

मुकुंदराव वळले. त्यांनी पाहिलं. मग ते अनवाणी जिन्यात धावले, बहुधा मेन स्विचकडे, आणि धावताना जे ओरडले ते दहाही मजल्यांनी ऐकलं.

"रेड झाली! सगळं गेलं!"

दारं उघडली. पीयूषभाई धावत खाली आले; त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि दुःखाच्या मागे सुटका होती. "तुमच्याकडे? तिसऱ्यावर? शुं शुं लई गया?"

"चारही डिस्का," मुकुंदराव पायरीवर बसून म्हणाले. "आणि सासूबाई."

"सासूबाईंनापण?" धनाजीराव हादरले. "पण त्या तर मागच्या वर्षी..."

"हो. तरी होत्या. आता नाहीत."

मेलेल्या माणसालाही सोडत नाहीत, ह्या विचारानं दोघांचे हात आपोआप जोडले गेले. मग प्रतापसिंहांनी विचारलं की अधिकारी कुठे आहेत. मुकुंदराव म्हणाले, कसले अधिकारी. जशीबेन तांब्या घेऊन दारात आली आणि म्हणाली, "साहेबे ज कह्युं, पांच वार रेड." त्यानंतर सगळं हळूहळू उलगडत गेलं, आणि जसजसं उलगडलं तसतसे लोक मुकुंदरावांपासून एकेक पायरी दूर सरकले. धनाजीराव शेवटी एवढंच म्हणाले, "पोतनीस, माझी तिजोरी नऊवारी नेसून टेम्पोतून गेलीय हो." आणि वर गेले.

सल्ले मात्र आलेच. डिस्का तांदळात ठेवा, पाणी शोषलं जातं. कुठल्या तांदळात, यावरून पाचवा आणि सहावा मजला पुन्हा विभागले. एक म्हणे कोलम, दुसरा म्हणे बासमती, लांब दाणा आतवर पोचतो. वाडी भागातल्या दुरुस्तीवाल्यानं जुनी डिस्क कानाशी नेऊन हलवली, टेबलावर चार थेंब पडलेले पाहिले आणि मुकुंदरावांना बसायला खुर्ची दिली. डॉक्टर जेव्हा खुर्ची देतात तेव्हा जे कळतं, ते त्यांना कळलं.

घरात मुकुंदरावांशी कोणी भांडलं नाही. ते वाईट लक्षण होतं. सुनंदाबाई जशीबेनशी नेहमीसारख्या बोलत होत्या. "तिनं दोनदा विचारलं," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. "मीसुद्धा तुम्हाला इतक्यांदा विचारत नाही." आणि मग उशिरानं, भांडी लावताना, पाठमोऱ्या म्हणाल्या, "आईचा आवाज विसरायला होतो हो. चेहरा नाही विसरत. फोटो असतो."

मुकुंदरावांनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

रविवारी तिघी आल्या. इंदूरहून थोरल्या निरुपमाताई, ठाण्याहून योगिनी, आणि मांजलपूरहून स्कूटरवर धाकटी मोहना. जशीबेननं नारळ खवून दूध काढून ठेवलं होतं. चौघी बैठकीत बसल्या. निरुपमाताई म्हणाल्या, "लावा, मुकुंदराव."

मुकुंदराव उभे राहिले. त्यांनी भाषण तयार केलं होतं, तीन भागांत. पहिल्या भागातच ते म्हणाले, "पाणी पडलं," आणि खाली बसले.

योगिनीनं डोळ्यांना पदर लावला. मग मोहना चाचरत म्हणाली, "माझ्याकडे आहे. म्हणजे... थोडं उडालेलं आहे. पण आहे."

तिनं फोन पुढे केला. खोलीत सासूबाई बोलू लागल्या. सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या, जणू वाकून पायाशी चपला शोधतायत. "...नारळाचं दूध दाट हवं. पहिलंच घ्यायचं. आणि मग..." इथे खट्ट आवाज झाला. "...वरून जायफळ."

"गूळ कुठेय?" निरुपमाताईंनी विचारलं.

"उडालाय," मोहना म्हणाली.

"माझ्याकडे आहे ना गूळ!" निरुपमाताईंनी आपला फोन काढला. सासूबाई म्हणाल्या, "गूळ आधी दुधात विरघळवून गाळून घ्यायचा. मोहनासारखे खडे टाकून मोकळं व्हायचं नाही. तिला सगळ्याची घाई. लग्नाचीसुद्धा घाई."

मोहनाचे कान लाल झाले. "तरीच," योगिनी म्हणाली, "तुझ्या निनाव्यात दाताखाली खडे येतात."

"तुझ्याकडे पूर्ण आहे का गं? लाव की!"

निरुपमाताईंच्या फोनवर मात्र पीठ भाजायचा भाग नव्हता. तो योगिनीकडे निघाला: "पीठ तांबूस होईस्तो हलवत राहायचं. निरुपमासारखं फोनवर बोलत बसलं की करपतं, आणि मग ती म्हणते शेगडी वाईट." योगिनीच्या फोनवर तूप नव्हतं. ते सुनंदाबाईंकडे होतं: "तूप सढळ. योगिनी चमच्यानं मोजते. अगं, ते काय औषध आहे?" सुनंदाबाईंकडे मीठ नव्हतं. ते तिघींकडे होतं: "चिमूटभर मीठ विसरायचं नाही. सुनंदा विसरेल. तिला सांगून उपयोग नाही. ऐकते सगळं, करते स्वतःचंच."

कोणाचंच काही उडालं नव्हतं. प्रत्येकीनं सुनांना, जावांना, नवऱ्याला ऐकवण्याआधी आपल्यावरचं बोलणं हलक्या हातानं कापलं होतं, आणि त्या बोलण्याबरोबर कृतीचा तो तुकडाही गेला होता. म्हणून एकीचं निनावं करपत होतं, एकीचं कोरडं होत होतं, एकीचं अळणी, आणि चौघीही इतके दिवस ओव्हनला दोष देत होत्या.

आधी मोहनाला हसू फुटलं. मग चौघी इतक्या हसल्या की निरुपमाताईंना ठसका लागला, आणि ठसक्यातून त्या रडू लागल्या, आणि मग सगळ्याच.

मुकुंदराव मात्र ताडकन उभे राहिले. चार डिस्का. प्रत्येकीत एक तुकडा नाही. आणि एकीत नाही ते उरलेल्या तिघींकडून परत उभं राहतं! बेंगळुरूच्या इंजिनियराला जे समजावता आलं नाही, ते समोर सोफ्यावर बसलं होतं, तेही वेगवेगळ्या घरांतून आलेलं.

"अरे, ही तर रेड पाच!"

जशीबेन नारळाच्या दुधाचं पातेलं घेऊन दारात आली. "साहेब?"

"नको!" पाच माणसं एकदम ओरडली.

मग चौघींनी फोन ओळीनं ओट्यावर मांडले आणि हात चालू लागले. दूध इथून, गूळ तिथून, पीठ ठाण्याहून, मीठ इंदूरहून. सासूबाई एका फोनमधून दुसऱ्यात जात राहिल्या, आणि त्या श्रावणानंतर पहिल्यांदाच त्या सलग बोलल्या, अखंड, कोणालाही न सोडता. ओव्हन तापला, निनावं आत गेलं, आणि कृतीचा शेवट आला.

"आणि एकदा झाकण घातलं, की घातलं. मुकुंदरावांसारखं दर दोन मिनिटांनी उघडून बघायचं नाही. माणूस चांगला आहे, सांभाळतो सगळं. पण इतकं सांभाळतो, की हात लावून लावून काही घट्टच होऊ देत नाही. पदार्थ नाही आणि निर्णय नाही."

हा भाग मोहनाकडे होता. योगिनीकडे होता. निरुपमाताईंकडे होता आणि सुनंदाबाईंकडेही होता. चारही फोनांत स्वच्छ, एक अक्षर न उडालेला.

"आपल्या डिस्कवर हे ऐकल्याचं मला आठवत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"खरखरीत गेलं असेल," मुकुंदराव म्हणाले.

चौघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बाबतीत खोलीत कोणालाच बोलायला तोंड नव्हतं. चौघी पाठ करून वेलची सोलू लागल्या. ओव्हनमधून भाजल्या नारळाचा वास यायला लागला. आत काय झालं असेल? कडा सुटल्या असतील का? मुकुंदराव आवाज न करता एक पाऊल पुढे सरकले. मग अजून एक. त्यांचा हात ओव्हनच्या दारापाशी पोचला.

"अहो," सुनंदाबाई न वळता म्हणाल्या.

मुकुंदरावांनी हात मागे घेतला, आणि निनावं घट्ट झालं.